तत्त्वज्ञान : केवळ पंडितांसाठी नव्हे



तत्त्वज्ञान हा पंडितांचा प्रांत. दुकान आणि प्रपंच सांभाळणाऱ्यांनी त्यात पडू नये, असा समज सर्वत्र आढळतो. त्याला उत्तर याच शहरातील भुईकोट किल्ल्यात मिळते.

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते तेथे स्थानबद्ध झाले. सुटका केव्हा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पंडित नेहरू केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकलेले, पुढे बॅरिस्टर झालेले. दर्शनशास्त्र हा त्यांचा व्यवसाय नव्हे. तरीही १९४४ मध्ये तेथे लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’त त्यांनी उपनिषदांचा व षड्दर्शनांचा परामर्श घेतला आणि न पटलेलेही प्रांजळपणे नोंदविले. सोबतचे आचार्य नरेंद्र देव समाजवादी नेते. त्यांनी त्या बंदिवासात वसुबंधूंच्या ‘अभिधर्मकोशा’चे हिंदी भाषांतर हाती घेतले. ग्रंथांनी कारागृहाचे कुलूप उघडत नाही; मात्र बंदिस्त दिवसांनाही अर्थ लाभतो.

सामान्य वाचकाने वाचावे कसे? आचार्य हरिभद्रसूरींचा ‘षड्दर्शनसमुच्चय’ याचा उत्तम वस्तुपाठ होय. स्वतः जैन असूनही अवघ्या ८७ श्लोकांत त्यांनी बौद्ध, न्याय, सांख्य, जैन, वैशेषिक व मीमांसा ही दर्शने, अखेरीस चार्वाकमतही, खंडनाची घाई न करता मांडले.

दुसऱ्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडता यावे, मग निर्णय करावा. भावाभावांतील वाटणी असो वा पेढीवरील तंटा, ही सवय तेथेच कसास लागते. त्यासाठी पदवी लागत नाही. नित्य स्वाध्यायाची दोन पाने पुरतात.