कोर्टाच्या दारांतला दलाल
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपण म्हणतों. पण भाऊबंदानें बांध कोरला, वांटणी अडली, सावकारानें दावा लावला, म्हणजे शहाण्यालाही ती चढावी लागते. तेथें एक गोडबोल्या गृहस्थ उभाच असतो. "पाटील, आमचे वकीलसाहेब धरा, दावा जिंकलाच समजा!" हा दलाल. त्याची दलाली शेवटीं आपल्याच कनवटीची.

आम्ही सांगतों, हा प्रकार नियमाबाहेरचा आहे. १९६१ च्या वकील कायद्याखालीं बार कौन्सिल ऑफ इंडियानें नियम केले. त्यांतला ३६ वा नियम सांगतो कीं, वकिलानें जाहिरात देऊन, पत्रकें वांटून वा दलाल घालून काम मिळवूं नये. पाटी बेताची असावी. आपण पूर्वीं न्यायाधीश होतों, असेंही तिच्यावर लिहूं नये. २००८ पासून संकेतस्थळावर नांव, पत्ता, सनदेचा क्रमांक, शिक्षण, कामाचें क्षेत्र अशी ठराविक माहिती देण्यापुरती मोकळीक आहे.

मुंबईच्या एस्प्लनेड फौजदारी कोर्टाच्या दारांत कांहीं वकील पक्षकारांवर तुटून पडतात, अशी तक्रार झाली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलें. १९७५ च्या सुमारास त्या कोर्टानें असें वागणें गैरवर्तन ठरविलें.

कोणी म्हणेल, दुकानदार जाहिरात करतो, मग वकिलानेंच कां करूं नये? अहो, लुगड्याचा पोत हातांत घेऊन पाहतां येतो. वकिलाचें काम निकालानंतर कळतें. तोंवर जमीन गेलेली असते!

म्हणून इतकें ध्यानांत ठेवा. "जिंकल्यास निम्मी जमीन माझी," असा करार वकिलाला करतां येत नाहीं. आपल्या पैशाचा हिशेब त्यानें ठेवलाच पाहिजे. फी थकली म्हणून कागद अडवितां येत नाहींत. तसें सुप्रीम कोर्टानें २००० सालीं ठरविलें. फसवणूक झाल्यास राज्याच्या बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करा. ताकिदीपासून सनद जाण्यापर्यंत शिक्षा होऊं शकते.

सारेच वकील लुबाडणारे नव्हेत. गरिबाला फुकट मदत करणें हें वकिलाचें थोर कर्तव्य, असें तेच नियम सांगतात. शिवाय १९८७ च्या कायद्यानें स्त्रियांना, अनुसूचित जातीजमातींना व ठराविक मर्यादेखालीं उत्पन्न असणारांना सरकारी खर्चानें वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टांत विधि सेवा समितीकडे विचारा.

बैल घेतांना आपण चार दांत पाहतों, चार जणांना विचारतों. वकीलही तसाच पारखून घ्या. वकील आपण शोधावा; दलालानें आपल्याला शोधूं नये!