मशीन चालू होतं, पण बंद होतं का?

चाकूर तालुक्यातल्या बचत गटांच्या वतीनं आम्ही बोलतोय. शेतात असाल, चुलीपुढं असाल, तिथूनच ऐका. मात्र तुमच्या गटात पेट्रोलवरचं मशीन असेल, तर ते चालवणाऱ्या ताईला जरा रेडिओजवळ बोलवा. आजचं बोलणं तिच्यासाठी आहे.

आपल्याकडं बैल कमी झाले आणि सोयाबीनच्या कोळपणीला पॉवर वीडर आलं. पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप आला, गवत कापायचं मशीन आलं. कितीतरी गटांनी अशी मशीनं घेतली आणि भाड्यानं फिरवायला सुरुवात केली. दोन-तीन हंगाम गेले की पहिली मोठी दुरुस्ती बहुतेक कॉइलची निघते. दोरी ओढून हात दुखतो, मशीन चालू होत नाही. मिस्त्री सांगतो, कॉइल गेली. कंपनीची महाग पडते किंवा वेळेवर मिळत नाही, मग बाजारातली दुसरी बसवतात. त्यात वाईट काही नाही. चांगली कॉइल असेल आणि नीट जोडली असेल तर ती वर्षानुवर्षं चालते. आमचं म्हणणं आहे ते जोडणीबद्दल.

आधी हे काम कसं चालतं ते बघू. या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. दोरी ओढली की आतलं जड चाक फिरतं. चाकात चुंबक बसवलेलं असतं. ते कॉइलच्या अगदी जवळून जातं, तेव्हा कॉइलमध्ये करंट तयार होतो आणि प्लगच्या टोकाला ठिणगी पडते. जर्मनीतल्या बॉश कंपनीनं 1902 साली असं जास्त दाबाचं मॅग्नेटो बाजारात आणलं. आपल्या वीडरमध्ये आजही मूळ कल्पना तीच आहे. (डिझेलच्या मशीनला प्लगच नसतो, त्यामुळं डिझेलवाल्यांनी आज नुसतं ऐकलं तरी चालेल.)

कॉइलला तीन जोड असतात. जाड वायर प्लगकडं जाते. दोन स्क्रूंनी कॉइल इंजिनाच्या अंगाला बसते, तोच तिचा अर्थ. आणि एक बारीक वायर बंद करायच्या बटणाकडं जाते. सगळी गोम या बारीक वायरीत आहे.

घरातल्या दिव्याचं बटण बंद केलं की वायर तुटते आणि करंट थांबतो. मशीनच्या बटणाचं उलटं असतं. ते बंदवर केलं की बारीक वायर इंजिनाच्या अंगाला टेकते, कॉइलचा करंट प्लगकडं न जाता अंगात उतरतो, आणि ठिणगी पडत नाही. आता विचार करा, ही वायर निघाली किंवा तुटली तर काय होईल? मशीन झकास चालेल. फक्त बंद होणार नाही.

आपल्या भागातल्या एका गटाच्या बाबतीत हेच घडलं. वीडर दुरुस्तीला गेलं, बाजारातली कॉइल बसली, मशीन एका दोरीत चालू झालं. सगळ्या खूश, पैसे देऊन टाकले. शेतात तणाचा गुंता पात्यात अडकला म्हणून चालवणाऱ्या ताईनं लाल बटण दाबलं. काहीच झालं नाही. नव्या कॉइलच्या पिनेला जुन्या वायरीचं टोक बसत नव्हतं, म्हणून दुकानात ती वायर टेपनं गुंडाळून तशीच सोडून दिली होती. घाबरून तिनं प्लगची टोपी हातानं ओढली. कोपरापर्यंत झटका बसला आणि ती मागं पडली. मागं पडली म्हणून वाचली, पुढं पाती होती.

प्लगच्या टोपीत हजारो व्होल्टचा दाब असतो. चालू मशीनची टोपी कधीच ओढू नका. बटण चाललं नाही तर क्लच सोडा, रेस कमी करा आणि चोक पूर्ण लावा. बहुतेक इंजिनं गुदमरून बंद पडतात. पेट्रोलचा कॉक असेल तर तोही फिरवा, पण कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन थोडा वेळ चालत राहतं. तोवर लांब उभं राहायचं. क्लच सोडला की पाती थांबतात हे खरं असलं, तरी इंजिन चालू असताना पात्यात हात घालायचा नाही. पदर कमरेला घट्ट खोचा, वरून मालकांचा जुना शर्ट घाला. खुरपताना घालताच की.

मालवण-तारकर्लीला सहलीला गेलेल्या मैत्रिणींनी पाण्यावर पळणारी स्कूटर पाहिली असेल. कावासाकी कंपनीनं 1973 मध्ये उभं राहून चालवायची अशी स्कूटर विकायला काढली. हो, आपल्याकडं बजाजच्या मोटारसायकलीवर नाव असायचं तीच कावासाकी. या स्कूटरच्या बटणाला एक दोरी असते, ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधतात. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन जागेवर थांबतं. शौकीन लोक त्या स्कूटरलाही बाहेरच्या कंपनीचं इग्निशन बसवतात. तिथंही ही बंद करायची वायर नीट जोडली नाही, तर दोरी नुसती मनगटाला लटकत राहते. समुद्रावर असो की सोयाबीनमध्ये, जोडणीचा नियम तोच.

याच वायरीचा दुसरा दोष याच्या उलट. ती कुठंतरी घासून सोलली आणि इंजिनाच्या अंगाला टेकली, तर मशीन कायम बंदच. कितीही दोरी ओढा. अशा वेळी चांगली कॉइल वाया गेली असं समजून टाकून देतात. म्हणून कॉइलवर पैसे घालण्याआधी मशीन बंद आणि गार असताना ही बारीक वायर कॉइलपासून सोडवून बघायला सांगा. वायर सोडवल्यावर ठिणगी आली तर कॉइल ठीक आहे, दोष वायरीत किंवा बटणात आहे. पण तशा सोडलेल्या वायरीनं मशीन शेतात न्यायचं नाही, हे पुन्हा सांगावं लागतं.

सोललेल्या वायरीची एक जुनी गोष्ट आहे. 1888 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्था बेंझ नावाची बाई नवऱ्यानं बनवलेली मोटारगाडी त्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन माहेरी निघाली. जवळपास 100 किलोमीटर, म्हणजे चाकूरहून नांदेड गाठावं तेवढं. वाटेत ठिणगीची वायर सोलली, तेव्हा तिनं पायमोज्याचा पट्टा काढून वायरीला गुंडाळला, असं सांगतात. इतक्या लांबवर मोटार नेणारं पहिलं माणूस ही बाईच. आपल्या मशीनला मात्र पट्टा नको, चांगली इन्सुलेशन टेप लावा. गरम सायलेन्सरपासून वायर दूर न्या आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधून टाका.

मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून काय बघायचं? कॉइल जिथं बसते तिथला गंज आणि रंग खरवडलाय का, कारण रंगावर स्क्रू आवळले तर अर्थ मिळत नाही. कॉइल आणि चाकाच्या मधली फट पुस्तिकेत दिल्याप्रमाणं ठेवलीय का. बऱ्याच लहान इंजिनांत ती पाव मिलिमीटरच्या जरा पुढं-मागं असते, म्हणून मिस्त्री मधे पोस्टकार्डासारखा जाड कागद धरतात. वायरीच्या रंगावर विसंबू नका, दुसऱ्या कंपनीचे रंग वेगळे असू शकतात. आणि या बारीक वायरीला बॅटरीचा करंट कुणी लावून बघत असेल तर त्याचा हात धरा. कॉइल तिथंच जळेल.

साधा मीटर असेल तर बटण आपणही तपासू शकतो. बारीक वायर कॉइलपासून सोडवायची. मीटरची एक सुई त्या वायरीला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला. बटण बंदवर, मीटर वाजला पाहिजे. बटण चालूवर, गप्प बसला पाहिजे. मग वायर परत जोडायची. एवढंच.

शेवटची तपासणी दुकानाच्या दारात. मशीन चालू करायचं, बटणानं बंद करायचं, असं तीनदा. तिन्ही वेळा थांबलं तरच पैसे. जुनी कॉइल मागून घ्या आणि गटाच्या रजिस्टरमध्ये तारीख आणि रक्कम लिहा. मशीन एकीकडून दुसरीकडं जाताना देणारीनं ते बंद करून दाखवायचं, असा ठराव काही गटांनी केलाय. सुरुवातीला हसल्या, आता सवय झालीय.

ज्या गटांकडं मीटर नाही त्यांनी ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीला मशीन घेऊन या, तिथं तपासू. फक्त टाकीतलं पेट्रोल काढून आणा. मागच्या खेपेला रिक्षात सांडलं होतं.