निरक्षरतेचे गुपित आणि मालकांची दया



खून कोणी केला हे अखेरच्या पानापर्यंत झाकून ठेवावे, हा रहस्यकथेचा रूढ संकेत आहे. रूथ रेंडेल या इंग्रज लेखिकेने १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ जजमेंट इन स्टोन’ या कादंबरीत तो पहिल्याच वाक्यात मोडला. खून कोणी केला, कोणाचा केला आणि का केला, हे तिने तेथेच सांगून टाकले. कारण एकच होते: घरातील मोलकरणीला लिहिता-वाचता येत नव्हते. निरक्षरतेमुळे माणूस खून करील काय? हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो आणि खरी कथा तेथूनच सुरू होते.

या कादंबरीवरून क्लोद शाब्रोल या फ्रेंच दिग्दर्शकाने १९९५ साली ‘ला सेरेमोनी’ हा चित्रपट काढला. कथा इंग्लंडातून फ्रान्सच्या पश्चिमेकडील ब्रिटनी प्रांतात आली. ललिएव्र हे श्रीमंत, सुसंस्कृत कुटुंब गावापासून दूर एका मोठ्या घरात राहते. त्या घरी सोफी कामाला येते. ती अबोल आहे आणि कामात चोख आहे. परंतु तिला अक्षरओळख नाही. ही गोष्ट कोणालाही कळू नये यासाठी तिचा सारा जीव टांगणीला लागलेला असतो. बाईंनी लिहून ठेवलेली चिठ्ठी, सामानाची यादी, साहेबांनी दूरध्वनीवरून मागितलेली फाईल: सुशिक्षितांच्या घरातील प्रत्येक किरकोळ कागद तिच्यासाठी संकट होऊन येतो.

हे मालक क्रूर नाहीत, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. ते पगार वेळेवर देतात आणि तिच्या खोलीत दूरचित्रवाणी संच ठेवतात. दृष्टी अधू असल्याची सबब तिने सांगताच स्वतःच्या खर्चाने तिला डोळे तपासून घेण्यास पाठवितात. सोफी तपासणीला जातच नाही; दुकानातून एक स्वस्त चष्मा विकत घेऊन परतते. या प्रसंगाला कोणी हसेल, परंतु त्यात मालकांच्या दयेची मर्यादा उघडी पडते. ही दया वस्तू देते, पण समोरच्या माणसाची विचारपूस करीत नाही. अशा घरात ज्याला वाचता येत नाही, असा माणूस आपल्याच छपराखाली राहत असेल, ही कल्पनाच कोणाला शिवत नाही.

गुपिते दोन्ही बाजूंना आहेत. घरची मुलगी मेलिंडा गरोदर आहे, हे सोफी दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकून जाणते. सोफी निरक्षर आहे, हे पुढे मेलिंडाच्या लक्षात येते. मेलिंडा मनाने चांगली आहे; ती शिकण्यास साहाय्य करण्याची तयारी दाखविते. उत्तरादाखल सोफी तिला धमकी देते: तू माझे गुपित फोडलेस, तर मी तुझे फोडीन. मेलिंडा धमकीला भीत नाही आणि दोन्ही गोष्टी आईबापांना सांगून टाकते. परिणाम काय होतो? मुलीचे गुपित उघडे पडते तेव्हा घर तिला पोटाशी धरते. मोलकरणीचे गुपित उघडे पडते तेव्हा तिला घर सोडण्यास सांगितले जाते. धमकी दिली म्हणून काढले, हे मालकांचे म्हणणे खोटे नाही. परंतु एकीला चूक करूनही आधार आहे आणि दुसरीला लाज लपविण्यापुरतीही जागा नाही. वर्गभेद म्हणतात तो हाच.

पोस्टात काम करणारी झान ही सोफीची एकमेव मैत्रीण. तिच्या मनात या कुटुंबाविषयी उघड द्वेष आहे. एका रात्री ललिएव्र कुटुंबातील चौघेजण दूरचित्रवाणीवर मोत्सार्टची ‘डॉन जोव्हानी’ ही संगीतिका ऐकत बसलेले असताना या दोघी घरातल्याच शिकारीच्या बंदुकांनी चौघांनाही ठार करतात. शाब्रोलने थट्टेने या कृतीला शेवटचा मार्क्सवादी चित्रपट म्हटले होते. ते वाचून कोणी या हत्याकांडात क्रांती पाहू लागला, तर त्याच्या हाती चित्रपटही लागला नाही आणि क्रांतीही नाही. मेलेल्यांत तिच्याशी सर्वांत माणुसकीने वागलेली मुलगी आहे, शाळकरी वयाचा मुलगा आहे. या हत्येने एकाही मोलकरणीचा पगार वाढला नाही, की एकीलाही अक्षर कळले नाही. वर्गद्वेष जेव्हा दोघींच्या बंद खोलीत कुजतो, त्याला विचाराची आणि संघटनेची वाट सापडत नाही, तेव्हा त्याचे काय होते, हे येथे दिसते.

मग सोफीने मेलिंडाचा हात का झिडकारला? कारण ज्या घराच्या हाती तिची भाकरी होती, त्याच घरातून तो हात आला होता. शिकविणारी उद्या काढून टाकणाऱ्यांची मुलगी असेल, तर तिच्यापुढे अज्ञान कबूल करणे म्हणजे आपली मानगूट तिच्या हाती देणे होय. सोफीची भीती निराधार नव्हती, हे पुढील घटनांनी दाखविले.

साक्षरतेचे वर्ग चालविणाऱ्या आणि घरकामगार स्त्रियांत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने येथे क्षणभर थांबावे. वर्ग उघडला, पाट्या वाटल्या, तरी बायका का येत नाहीत, असे पुष्कळदा विचारले जाते. ‘मला येत नाही’ हे तीन शब्द उच्चारण्यासाठी माणसाला आपल्यासारख्यांची सोबत लागते. जेथे ते बोलल्याने कोणी हसत नाही आणि कोणाची नोकरी जात नाही, अशी जागा लागते. तशी जागा मालकाच्या दिवाणखान्यात मिळत नाही. ती संघटनेलाच निर्माण करावी लागते. सोफीला मात्र ती कधीच भेटली नाही.