गोळीचा वेग कोण सांगतं?

सुटलेली गोळी आणि बोललेला शब्द परत घेता येत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. कवितेतही वेग दाखवायचा झाला की आम्ही गोळीलाच बोलावतो. पण ती नेमकी किती वेगानं जाते, हे माणसाला कळलं कसं? नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी घालायची, गजानं ठासायची आणि चाप ओढायचा. ठासणीची बंदूक शतकानुशतकं अशी झाडली गेली. पण सुटलेली गोळी कुणाच्या डोळ्यांना दिसत नव्हती.

१७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं आपल्या पुस्तकात एक साधी युक्ती मांडली. तिकाटण्याला एक जड लाकडी ठोकळा टांगायचा आणि त्यावर गोळी झाडायची. गोळी आत रुतते, ठोकळा मागे झुलतो. त्याला लावलेली फीत जेवढी ओढली जाते, त्यावरून झोका मोजायचा. समजा, गोळी ३० ग्रॅमची आहे आणि ठोकळा तिच्या हजारपट, म्हणजे ३० किलोचा. गोळी सेकंदाला ५०० मीटर वेगानं आली, तर ठोकळा अर्धा मीटर वेगानं हलतो आणि जेमतेम सव्वा सेंटिमीटर वर उचलला जातो. हे सव्वा सेंटिमीटर मोजता येतं. तिथून उलटा हिशेब केला की गोळीचा वेग हाती येतो.

रॉबिन्सला तो सेकंदाला सुमारे १६०० फूट, म्हणजे आवाजापेक्षाही जास्त आढळला. ठोकळा दूर नेला तसा वेग घटत गेला. हवेचा अडथळा नगण्य मानण्याची तेव्हा रीत होती. इथं तो गोळीच्या वजनाच्या शंभरपटीहून अधिक निघाला. १७४५ साली थोर गणिती ऑयलर यानं हे पुस्तक स्वतःच्या टिपणांसह जर्मनमध्ये आणलं.

अर्थात, ठासणीच्या बंदुकीला एकच एक वेग नसतो. दारूचं माप, तिचा दाणा, ती सादळली आहे का, गोळी आणि नळी यांच्यातली फट, ठासण्याचा जोर, या सगळ्यांनी तो बदलतो. म्हणून अनेकदा झाडून सरासरी काढावी लागते. आजचं यंत्र गोळीची सावली एका प्रकाशडोळ्यावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागला, ते मोजतं.

रॉबिन्सचे आईवडील क्वेकर, म्हणजे शस्त्र निषिद्ध मानणाऱ्या पंथाचे. त्यांच्या या मुलाला ईस्ट इंडिया कंपनीनं किल्ले मजबूत करायला हिंदुस्थानात पाठवलं. १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड किल्ल्यात तो वारला.

या प्रयोगातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. गोळीचा वेग बंदुकीनं सांगितला नाही. तो सांगितला मार खाणाऱ्या लाकडानं. शस्त्रांच्या गोष्टी आपण बहुधा झाडणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. शब्दांचंही तसंच करतो. सभेत फेकलेला शब्द किती जोरानं गेला, हे टाळ्यांवरून कळत नाही. तो ज्या वस्तीवर जाऊन आदळला, तिथल्या माणसांना ते विचारावं लागतं.