वंध्यत्व आणि पुरुष

कोल्हापुरांत शरीरसंपत्तीला मोठा मान आहे. शाहू छत्रपतींच्या आश्रयानें खासबागेचें कुस्त्यांचें मैदान १९१२ सालीं उभें राहिलें, आणि पीळदार अंगाचा मुलगा म्हणजे घराचें भूषण ही भावना येथें आजही आहे. तेव्हां लग्नाला चार वर्षें होऊनही पाळणा हलला नाहीं, म्हणजे वडीलधारी मंडळी सुनेकडे बघतात. ती अंबाबाईची ओटी भरते, जोतिबाला नवस बोलते, दवाखान्याच्या पायऱ्या झिजविते. तालमींत घडलेल्या मुलांत कांहीं उणें असेल, ही शंकाच कोणाला शिवत नाहीं. वास्तविक वीर्याची तपासणी ही साऱ्या तपासण्यांत सोपी!

वृषणाचीं कामें दोन, व तीं निरनिराळ्या पेशींकडे सोंपविलेलीं आहेत. शुक्रजंतु सूक्ष्म नलिकांत तयार होतात. दाढीमिशा, स्नायू व कामेच्छा यांस कारण होणारें टेस्टॉस्टेरॉन नलिकांबाहेरील पेशी तयार करतात. म्हणून एक काम ठीक चाललें असतां दुसरें बिघडूं शकतें. वृषणांतून रक्त परत नेणाऱ्या नीला फुगून त्यांचें जाळें होतें, त्या विकारास व्हेरिकोसील म्हणतात. शंभर पुरुषांत सुमारें पंधरांना तो असतो. बहुधा डावीकडे, कारण तेथील नीला मूत्रपिंडाच्या नीलेला काटकोनांत मिळते. रक्त तुंबतें, आणि शरीराहून दोन-तीन अंश थंड राहावयास हवें तें वृषण तापतें. त्याची झळ शुक्रजंतूंना आधीं लागते. पुष्कळांना मात्र कांहींच उपद्रव होत नाहीं. त्यांना मुलेंही होतात.

एडिंबरोचे डॉ. टुलॉक यांनीं १९५५ सालीं शस्त्रक्रियेचे निष्कर्ष प्रसिद्ध केल्यावर या उपायाकडे लक्ष वेधलें. आतां सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें त्या नीला बांधतात. फुगवटा हाताला लागत असून तपासणींत दोष असेल, तर सुमारें दोन-तृतीयांश रुग्णांत शुक्रजंतु सुधारतात. मात्र नवा शुक्रजंतु घडण्यास अडीच महिने लागतात, सबब तीन ते सहा महिने धीर धरावा लागतो. मूल होईलच, असें वचन कोणीही शल्यवैद्य देत नाहीं. टेस्टॉस्टेरॉन मूळचें कमी असेल तर बहुधा कांहींसें वाढतें. पुरेसें असेल तर फारसा फरक पडत नाहीं. केवळ दंड फुगावेत म्हणून ही शस्त्रक्रिया करून घेणें निरर्थक होय.

आणि दंड फुगविण्याकरितां टेस्टॉस्टेरॉनचीं इंजेक्शनें टोंचून घेणें तर उलटच फळ देतें. बाहेरून पुरवठा होऊं लागला, कीं मेंदूखालची ग्रंथि वृषणाला आज्ञा देईनाशी होते. शुक्रजंतु आटतात, कधीं शून्यावर येतात. औषध बंद केल्यावर ते परतण्यास कित्येक महिने लागतात. तोंवर आरशांत अंग भरदार दिसतें, आणि सून दुसऱ्या नवसाला निघालेली असते.