तोंडाचा कर्करोग आणि ‘रक्तातील दोष’
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला ‘आरोग्य’ या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले होते. परंतु गेल्या मार्गशीर्षात घडलेली एक गोष्ट मनातून जात नाही. म्हणून विषय थोडा आकुंचित करण्याची अनुज्ञा मी मागून घेतली आहे. आपल्यापैकीच एका घरचा विवाहसंबंध साखरपुड्याचा दिवस ठरल्यावर मोडला. कारण एवढेच की, मुलीच्या वडिलांना गालाच्या आतील बाजूस कर्करोग झाल्याचे वरपक्षास कळले. ‘त्यांच्या रक्तातच आहे’, असा निरोप आला. मुलीने मला एकच प्रश्न केला, “काका, माझ्यात ते आहे का हो?”

कर्करोग हा जनुकांचा रोग आहे, हे खरे. पण जनुकांचा रोग म्हणजे आनुवंशिक रोग नव्हे. वडिलोपार्जित वाड्याची सनद निराळी आणि त्या वाड्याच्या एका तुळईला आपल्या हयातीत लागलेली वाळवी निराळी. गालाच्या अस्तरातील पेशी नित्य झिजतात व त्यांच्या जागी नव्या येतात. दर खेपेस गुणसूत्रांच्या तेवीस जोड्यांची नक्कल करावी लागते. तंबाखूतील विषारी द्रव्ये तेथे वर्षानुवर्षे मुरत राहिली, म्हणजे त्या नकलेत चुका होऊ लागतात. चुका पकडणारा एक चौकीदारही निसर्गाने ठेवला आहे. १९७९ साली शोध लागलेल्या या प्रथिनास पी-५३ म्हणतात. त्याचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असते. बिघडलेल्या पेशीची वाढ तो थांबवितो, नाहीतर तिला मरावयास लावतो. हा चौकीदारच निकामी झाला, की पुढील अनर्थास अडविणारे फारसे कोणी उरत नाही. अमेरिकेत २७९ रुग्णांच्या गाठी तपासून २०१५ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात विषाणूंशी संबंध नसलेल्या डोके-मानेच्या कर्करोगांपैकी पाचांत चारांहून अधिक गाठींमध्ये हेच जनुक बिघडलेले आढळले. (टॉन्सिल व घसा येथील काही कर्करोगांत पॅपिलोमा नामक विषाणू त्या चौकीदारास नष्ट करतो; तो विषय आज बाजूस ठेवू.)

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचे काम आपल्याच देशात झाले आहे. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था आणि बंगालमधील कल्याणी येथील जनुकशास्त्र संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी गाल व हिरडी यांच्या कर्करोगाचा अभ्यास करून २०१३ साली तो प्रसिद्ध केला. पद्धत पाहा : रुग्णाच्या गाठीतील जनुके त्याच रुग्णाच्या रक्तातील जनुकांशी ताडून पाहावयाची. जे बदल गाठीत आहेत पण रक्तात नाहीत, तेच त्यांनी वेचून काढले; आणि त्यांत या पी-५३ चे जनुकही होते. ‘रक्तातच आहे’ म्हणणाऱ्यांस यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणते द्यावे? अपत्यास जन्म देणाऱ्या बीजपेशींशी गालातील त्या बिघाडाचा काही संबंध नसतो. त्या मुलीला मी हेच सांगितले.

अपवाद लपवून ठेवणे मात्र योग्य होणार नाही. जवळच्या नातलगास हा रोग झालेला असेल, तर धोका काहीसा वाढतो. पण एका घरात तंबाखूचा डबा आणि मशेरीची डबीही सामाईक असते, हे विसरू नये. खरोखर वारशाने येणारा एक विकार फॅन्कोनी रक्तक्षय या नावाचा आहे. त्यात तंबाखूला न शिवलेल्या तरुणासही तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. तो अत्यंत विरळा. बहुधा आई व वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच तो होतो, आणि तशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास चारांत एक इतका धोका असतो. आप्तांतील विवाहात असा योग जुळण्याचा संभव वाढतो. परघरच्या व्याधीस भिणारे आपण मामेबहिणीशी होणाऱ्या लग्नाविषयी मात्र अवाक्षर काढीत नाही!

आता थोडे अप्रिय बोलतो. आजच्या संमेलनाच्या दाराशी तबकात सुपारी ठेवली होती. तंबाखूवाचून नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली दिला. सुपारीने गालाचे अस्तर ताठर होते, तोंड उघडेनासे होते, तिखट घास झोंबतो. आणि अशा गालात पुढे कर्करोग उद्भवू शकतो. स्वागत गुलाबपाण्याने व अत्तरानेही होते.

केरळात तिरुवनंतपुरम् येथे आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे केवळ उजेडात पाहिली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांतील या रोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले. पांढरा वा तांबडा चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, एवढेच पाहावयाचे असते.

त्या मुलीला निरोप देताना मी म्हणालो, “तुझी चिंता नाही, धाकट्या भावाला घेऊन ये.” त्याच्या खिशात पुडी असते, हे मी पाहिले होते. तो अद्याप आलेला नाही. त्याच्या वयाचे कितीतरी तरुण मागच्या रांगांत बसलेले दिसत आहेत. भोजनाच्या पंगती उठल्यावर व्यासपीठामागील खोलीत मी विजेरी घेऊन सहा वाजेपर्यंत बसणार आहे. नाव विचारले जाणार नाही.