उशाशी बसलेली आजी

रोगी त्याच दवाखान्यात पुन्हा का येतो? गुण आला म्हणून, हे खरंच. पण तेवढंच नाही.

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गोंड आदिवासींनाच विचारलं, दवाखान्याची भीती का वाटते? उत्तरं मिळाली: मोठ्या इमारतीत जीव दडपतो. पांढरे कपडे पाहून प्रेतावरचं कापड आठवतं. नातेवाइकांना बाहेर काढतात. शिवाय तिथे देव नाही.

मग रुग्णालय झोपड्यांसारखं उभं राहिलं, नाव मिळालं दंतेश्वरी देवीचं. आप्तांना सोबत राहायची मुभा मिळाली. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तापानं फणफणलेल्या लेकराच्या उशाशी आजी बसू शकली, तर पुढच्या दुखण्यात त्या घराची पावलं आपसूक तिकडेच वळतात.